यंत्राला व्यवहाराची भाषा देणाऱ्या ग्रेस हॉपर

जालन्याची बाजारपेठ फार जुनी आहे. सोन्याचा पाळणा अशी तिची ख्याती पूर्वापार चालत आलेली आहे. हंगामाच्या दिवसांत आसपासच्या गावांतून मालाने भरलेली वाहने बाजार समितीच्या आवारात येऊन उभी राहतात. माल कोणाचा, वजन किती, भाव काय ठरला, पैसे कोणास द्यावयाचे, या साऱ्यांची नोंद ठेवावी लागते. समजा, दिवसभरातील सगळ्या चिठ्ठ्या एका टोपलीत कशाही टाकून दिल्या, तर सायंकाळी एखाद्या शेतकऱ्याची चिठ्ठी शोधून काढताना दिवाणजीची किती त्रेधा उडेल! त्याच चिठ्ठ्या नावांच्या अनुक्रमाने लावून ठेवल्या, तर हवी ती चिठ्ठी चटकन हाती येते. चिठ्ठ्या त्याच आणि त्यांवरील मजकूरही तोच. फरक असतो तो केवळ क्रमाचा.

आज बँकांतील खाती, रेल्वेची तिकिटे, विजेची देयके अशा कोट्यवधी नोंदींना क्रम लावण्याचे काम संगणक करतो. पण संगणक हे यंत्र आहे. काय करावयाचे, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते, आणि सांगावयाचे म्हणजे त्यासाठी भाषा हवी. ती भाषा मूठभर गणितज्ञांचीच राहू नये, हिशेबनिसालाही ती वाचता यावी, यासाठी जिने लोकांचा अविश्वास सोसून वर्षानुवर्षे परिश्रम केले, अशा एका विदुषीचे हे चरित्र आहे.

ग्रेस मरे हिचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात झाला. तीन भावंडांत ती सर्वांत मोठी. तिचे वडील विम्याचा व्यवसाय करीत असत आणि आईला गणिताची मोठी गोडी होती. लहानपणापासून ग्रेसला प्रत्येक वस्तूच्या अंतरंगात डोकावून पाहण्याचा छंद होता. ती सात वर्षांची असताना, गजराचे घड्याळ कसे चालते याचे तिला कुतूहल वाटू लागले. तिने एक घड्याळ उघडले. त्याचे सारे भाग सुटे झाले, पण ते पुन्हा जुळेनात. तेव्हा जुळणी समजावी म्हणून तिने दुसरे उघडले, मग तिसरे. असे करता करता घरातील सातही घड्याळे तिने खोलून ठेवली! हा प्रकार लक्षात आल्यावर आईने तिला शिक्षा केली नाही. यापुढे एकाच घड्याळावर प्रयोग करावा, एवढे मात्र बजावले.

पुढे वडिलांना दुर्धर आजार झाला व त्यांचे दोन्ही पाय कापावे लागले. तरीही ते कृत्रिम पायांच्या आधाराने कामावर जात. मुलींनीही मुलाप्रमाणेच उत्तम शिक्षण घ्यावे व स्वतःच्या पायांवर उभे राहावे, असा त्यांचा आग्रह होता. त्या काळी मुलींनी उच्च गणित शिकणे ही गोष्ट दुर्मिळच होती. ग्रेसने महाविद्यालयात प्रवेश मागितला, तेव्हा लॅटिन भाषेत गुण कमी पडल्यामुळे पहिल्या वर्षी तिला प्रवेश नाकारण्यात आला. ती खचली नाही. आणखी एक वर्ष अभ्यास करून तिने वासार महाविद्यालयात प्रवेश मिळविला आणि १९२८ मध्ये गणित व भौतिकशास्त्र हे विषय घेऊन पदवी संपादन केली. त्यानंतर सुप्रसिद्ध येल विद्यापीठातून तिने १९३० मध्ये एम. ए. आणि १९३४ मध्ये गणितातील डॉक्टरेट ही पदवी मिळविली. १९३० मध्येच व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी तिचा विवाह झाला व ती ग्रेस हॉपर या नावाने ओळखली जाऊ लागली. पुढे हा विवाह टिकला नाही. हॉपर हे नाव मात्र कायम राहिले.

ग्रेसबाई वासार महाविद्यालयात गणित शिकवू लागल्या. त्यांचे आयुष्य कदाचित अध्यापनातच व्यतीत झाले असते. परंतु दुसरे महायुद्ध पेटले आणि अमेरिका त्यात ओढली गेली. ग्रेसबाईंनी नौदलात जाण्याचा निश्चय केला. वय सदतिशीचे, आणि वजन नियमापेक्षा पंधरा पौंडांनी कमी! नौदलाने त्यांना घेण्याचे नाकारले. पण त्यांनी खटपट करून वजनाच्या नियमातून सूट मिळविली आणि डिसेंबर १९४३ मध्ये त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या. प्रशिक्षणात त्यांचा पहिला क्रमांक आला. १९४४ च्या उन्हाळ्यात त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठात झाली. तेथे हॉवर्ड एकेन या शास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली मार्क वन नावाचे एक अवाढव्य गणकयंत्र चालत होते.

ते यंत्र एक्कावन्न फूट लांब, आठ फूट उंच आणि सुमारे पाच टन वजनाचे होते. त्यात साडेसात लाखांहून अधिक भाग होते. एवढे मोठे धूड, पण एका सेकंदात ते जेमतेम तीन बेरजा करी! आज आपल्या खिशातील दूरध्वनी त्याहून कितीतरी वेगवान आहे. परंतु त्या काळी ते एक महद्आश्चर्य होते. कागदाच्या लांब पट्टीवर छिद्रे पाडून त्याला आज्ञा द्यावी लागे. एक छिद्र चुकले, की सारे गणित चुकत असे. ग्रेसबाईंनी या यंत्राची सगळी रचना समजून घेतली आणि ते कसे चालवावे याविषयी पाचशेहून अधिक पृष्ठांचे पुस्तक सिद्ध केले. सात घड्याळे खोलणारी मुलगी आता जगातील एका सर्वांत मोठ्या गणकयंत्राचे अंतरंग उलगडून दाखवीत होती.

येथेच त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. आज्ञावलीतील जो भाग एकदा तयार झालेला असे, तो वहीत टिपून ठेवावा आणि पुन्हा लागेल तेव्हा उतरून घ्यावा, अशी तेथील मंडळींची रीत होती. पण उतरून घेताना माणसे हटकून चुका करीत. अंक मागेपुढे होत, एखादी ओळ गळून जाई. माणूस विचार करण्यात हुशार आहे, पण तेच ते काम न चुकता पुनःपुन्हा करण्यात यंत्राची बरोबरी त्याला करता येत नाही. मग हे उतरवून घेण्याचे काम यंत्रालाच का सांगू नये? हा विचार ग्रेसबाईंच्या मनात घोळू लागला.

युद्ध संपल्यावर, १९४९ मध्ये, त्या फिलाडेल्फिया येथील एका कंपनीत रुजू झाल्या. तेथे युनिव्हॅक नावाचा संगणक तयार होत होता. तो युद्धासाठी नव्हता. जनगणना, विमा, कारखाने यांच्या मोठमोठ्या हिशेबांसाठी होता. त्याच्या चुंबकीय फितींवर हजारो नोंदी साठविता येत. पण नोंदी साठविणे वेगळे आणि त्यांना क्रम लावणे वेगळे.

हा क्रम लावण्याचा प्रश्न सोडविण्यात ग्रेसबाईंच्या सहकारी बेटी होल्बर्टन यांनी मोठे काम केले. त्यांनी पत्त्यांचा जोड घेतला, आणि पत्ते लावताना आपण एकापुढे एक कोणते निर्णय घेतो, हे बारकाईने पाहून त्यांनी यंत्रासाठी रीत ठरविली.

क्रम लावण्याची एक सुरेख रीत आपणही करून पाहू. जालना जिल्ह्यात आठ तालुके आहेत. त्यांची नावे आठ कागदांवर लिहा आणि चार चार कागदांचे दोन गट करा. पहिल्या गटात जालना, भोकरदन, बदनापूर व जाफ्राबाद ही नावे घ्या. दुसऱ्यात परतूर, मंठा, अंबड व घनसावंगी. प्रत्येक गट वर्णानुक्रमाने लावा. पहिला गट जाफ्राबाद, जालना, बदनापूर, भोकरदन असा लागेल. पहिल्या दोन नावांत आरंभीचे अक्षर एकच आहे, म्हणून पुढचे अक्षर पाहावयाचे. फ हा ल च्या आधी येतो. दुसरा गट अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा असा लागेल. आता दोन्ही गटांतील केवळ सर्वांत वरचे कागद एकमेकांशी ताडून पाहा. जो आधीचा असेल तो उचलून बाजूस ठेवा, आणि पुन्हा वरचे दोन कागद ताडा. जाफ्राबाद आणि अंबड यांत अंबड आधी. जाफ्राबाद आणि घनसावंगी यांत घनसावंगी आधी. जाफ्राबाद आणि परतूर यांत जाफ्राबाद आधी. असे करीत गेले, की अंबड, घनसावंगी, जाफ्राबाद, जालना, परतूर, बदनापूर, भोकरदन, मंठा अशी आठही नावांची एक सलग रांग तयार होते. एका वेळी दोनच कागद पाहिले, तरी सगळा क्रम लागला! आठ कागदांना जी रीत, तीच आठ लाख नोंदींनाही लागू पडते. दोन फितींवरील क्रमवार नोंदी एकत्र गुंफून तिसरी फीत तयार करण्याची ही युक्ती यंत्राला फारच मानवली.

क्रम लावल्याचा लाभ शोधताना दिसून येतो. क्रमवार लावलेल्या एक हजार नावांत एखादे नाव शोधावयाचे असेल, तर बरोबर मधले नाव पाहावे. हवे असलेले नाव त्याच्या आधीचे की नंतरचे, हे कळताच अर्धी यादी बाद होते. उरलेल्या अर्ध्या यादीचे पुन्हा मधले नाव पाहावे. असे केल्यास फार तर दहा वेळा पाहून काम भागते. यादी विस्कळीत असेल, तर मात्र कदाचित हजारही नावे पाहावी लागतील.

होल्बर्टनबाई एवढ्यावरच थांबल्या नाहीत. नोंद कशी आहे व कशाच्या आधारे क्रम लावावयाचा, एवढे सांगितले की क्रम लावणारी आज्ञावली यंत्रानेच लिहावी, अशी योजना त्यांनी केली. यंत्र स्वतः आज्ञावली लिहू शकते, याचा हा प्रत्यक्ष पुरावाच होता. त्यातून ग्रेसबाईंना स्फूर्ती मिळाली. त्यांनी आज्ञावल्यांचे तयार तुकडे फितीवर ठेवले, प्रत्येकाला एक खूण दिली आणि हवे ते तुकडे खुणेवरून शोधून, जोडून संपूर्ण आज्ञावली तयार करण्याचे काम यंत्रावर सोपविले. १९५२ च्या सुमारास ही योजना चालू लागली. अशा योजनेला आपण आज संकलक असे म्हणतो. पण नवल असे, की कोणी तिच्यावर विश्वासच ठेवीना! संगणक फक्त बेरीज-वजाबाकी करतो, तो आज्ञावली कशी लिहील, असे जाणत्या लोकांनाही वाटत होते.

ग्रेसबाईंनी आणखी पुढचे पाऊल टाकले. व्यापारी कचेऱ्यांत काम करणाऱ्या लोकांना गणिती चिन्हांचे भय वाटते, हे त्यांनी पाहिले होते. म्हणून संगणकाला साध्या इंग्रजी शब्दांत आज्ञा देता याव्यात, असा त्यांनी प्रस्ताव मांडला. संगणकाला इंग्रजी कळत नाही, असे उत्तर त्यांना मिळाले. तेव्हा त्यांनी एक छोटी आज्ञावली करून दाखविली, आणि केवळ शब्द बदलून तीच फ्रेंच व जर्मन भाषांतही चालवून दाखविली. यंत्राला शब्द म्हणजे केवळ एक खूण. ती कोणत्या भाषेतील आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नाही, हे त्यांना सिद्ध करावयाचे होते. झाले मात्र उलटेच. अमेरिकेत तयार झालेल्या यंत्राला फ्रेंच आणि जर्मन कशी समजेल, म्हणून वरिष्ठ मंडळी बिथरली! अखेर ग्रेसबाईंनी फक्त इंग्रजीत काम करण्याचे मान्य केले आणि फ्लो-मॅटिक नावाची भाषा तयार झाली.

या भाषेत एक महत्त्वाची गोष्ट होती. माहितीचे वर्णन एकीकडे आणि आज्ञा दुसरीकडे, अशी तिची मांडणी होती. पंगतीला बसण्यापूर्वी पाने कोठे मांडावयाची हे ठरवावे आणि मग वाढावयास सुरुवात करावी, तसेच हे होते.

त्या काळी प्रत्येक कंपनीच्या संगणकाची भाषा निराळी असे. यंत्र बदलले, की सगळ्या आज्ञावल्या पुन्हा लिहाव्या लागत. हा खर्च सर्वांनाच जड जाऊ लागला. म्हणून मे १९५९ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पेंटॅगॉन या कचेरीत सरकारी अधिकारी आणि संगणक कंपन्यांचे प्रतिनिधी एकत्र आले. सर्व यंत्रांवर चालेल अशी व्यवहारासाठी एकच भाषा तयार करावी, असे ठरले. तिचे नाव कोबोल. ती एका व्यक्तीची निर्मिती नव्हे. अनेकांच्या समितीने ती घडविली. बेटी होल्बर्टन, जीन सॅमेट यांसारख्या स्त्रियांचाही त्यात मोठा वाटा होता. ग्रेसबाई सल्लागार होत्या आणि त्यांच्या फ्लो-मॅटिक भाषेचा पाया नव्या भाषेला लाभला. १९६० मध्ये कोबोलचा आराखडा प्रसिद्ध झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या संगणकांवर तीच आज्ञावली जवळजवळ जशीच्या तशी चालवून दाखविण्यात आली.

कोबोलमध्ये माहिती कशी मांडतात, हे शाळेच्या हजेरीपटावरून समजेल. पटावर प्रत्येक विद्यार्थ्याची एक नोंद असते. तिच्यात क्रमांक, नाव आणि जन्मतारीख असते. जन्मतारखेच्या पोटात पुन्हा दिवस, महिना व वर्ष असतात. कोणता भाग कोणाच्या पोटात आहे, हे कोबोलमध्ये अंकांनी दाखवितात. एकसारखी घरे ओळीने हवी असतील, तर ती किती वेळा यावीत हे ऑकर्स या शब्दाने सांगतात. अशा ओळीला सारणी म्हणतात. वर्गात पन्नास मुले असतील, तर पन्नास घरांची सारणी! पुढे थोड्याच वर्षांत सॉर्ट ही आज्ञाही या भाषेत आली. कोणत्या भागावरून क्रम लावावा व तो चढता असावा की उतरता, एवढे सांगितले, की बाकीचे काम यंत्र करी. आरंभी ही आज्ञा फितीवरील संचिकांसाठी होती. सारणीचा क्रम आज्ञावली लिहिणाऱ्याला स्वतः लावावा लागे. २००२ च्या प्रमाण आवृत्तीत सारणीलाही ही सोय मिळाली.

१९६६ च्या अखेरीस नौदलाने ग्रेसबाईंना वयोमानामुळे निवृत्त केले. पण अवघ्या काही महिन्यांत, १९६७ मध्ये, त्यांना परत बोलावणे आले. निरनिराळ्या कंपन्या कोबोलचे निरनिराळे रूप वापरू लागल्या होत्या आणि नौदलाच्या कामाचा मेळ बसत नव्हता. सहा महिन्यांसाठी आलेल्या ग्रेसबाई जवळजवळ एकोणीस वर्षे कामावर राहिल्या! कोबोलचे प्रमाण रूप नीट पाळले जाते की नाही, हे तपासण्याच्या कसोट्या त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाल्या.

त्या ठिकठिकाणी व्याख्याने देत. सेकंदाच्या एक अब्जाव्या भागात वीज किती अंतर जाते, हे दाखविण्यासाठी सुमारे तीस सेंटिमीटर लांबीचे तारेचे तुकडे त्या श्रोत्यांना वाटीत. त्यांच्या कचेरीतील घड्याळाचे काटे उलट दिशेने फिरत, तरी ते वेळ अचूक दाखवी. एखादी गोष्ट आजवर अमुक रीतीने होत आली, एवढ्यावरून तीच रीत योग्य ठरत नाही, हे ते घड्याळ येणाऱ्या-जाणाऱ्याला शिकवीत असे. १९८६ मध्ये, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, रिअर अॅडमिरल या उच्च पदावरून त्या निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे अमेरिकेच्या एका युद्धनौकेला हॉपर हे नाव देण्यात आले.

त्यांच्या मागे काही वर्षांनी कोबोलच्या जुन्या आज्ञावल्यांवर एक मोठे संकट आले. पूर्वी संगणकात जागा फार थोडी असे. ती वाचावी म्हणून अनेकांनी वर्षाचे शेवटचे दोनच अंक लिहून ठेवले होते. १९९८ म्हणजे ९८, १९९९ म्हणजे ९९. मग २००० म्हणजे काय? दोन शून्ये! चढता क्रम लावावयास सांगितला, तर यंत्र शून्याला नव्व्याण्णवाच्या आधी बसविणार. म्हणजे २००० सालची नोंद १९९९ च्या आधी लागणार. त्यामुळे बँकांचे व्याज, विम्याच्या मुदती, निवृत्तिवेतन या साऱ्यांत घोटाळा होण्याचे भय निर्माण झाले. तेव्हा जगभर कोट्यवधी ओळी तपासून दुरुस्त करण्यात आल्या. या कामात भारतातील, त्यांत मुंबई-पुण्याच्याही, असंख्य तरुण अभियंत्यांनी भाग घेतला. तीस-तीस वर्षांपूर्वी सातासमुद्रापलीकडे कोणा अनोळखी माणसाने लिहिलेली आज्ञावली ते वाचू शकले, याचे एक कारण म्हणजे ती साध्या शब्दांत लिहिलेली होती. वाचता येईल अशी भाषा हवी, हा ग्रेसबाईंचा आग्रह किती दूरदृष्टीचा होता, हे त्या वेळी जगाला कळून आले.

यंत्र आज्ञाधारक असते, पण शहाणे नसते. क्रम कोणता लावावयाचा आणि कशाच्या आधारे, हे माणसानेच ठरवावयाचे असते. तो विचार अचूक असला पाहिजे आणि तो दुसऱ्यालाही समजेल अशा शब्दांत मांडला पाहिजे. विद्वानांना समजणारी गोष्ट सामान्य माणसाच्या हाती सोपी करून देणे, हे ग्रेस हॉपर यांनी आपले जीवितकार्य मानले. आज जगातील कित्येक बँकांचे व्यवहार अद्याप कोबोलमधील आज्ञावल्यांवर चालतात. पैसे काढणाऱ्याला त्या भाषेचे नावही ठाऊक नसते. पण त्याची नोंद योग्य घरात आणि योग्य क्रमाने लागलेली असते.